कोपऱ्यातला घुमारा

भोयरांची आणि माझी ओळख एका भांडणामुळे झाली. भांडण माझं नव्हतं, माझ्यात तेवढा दम कधीच नव्हता. नागपूरला आमच्या मनीषनगरच्या इमारतीसमोर गणपतीचा मांडव पडला होता आणि मंडळाने माणसाहून उंच स्पीकरची खोकी आमच्या भिंतीच्या कोपऱ्यात चिकटवून उभी केली होती. गाणं कोणतं चाललंय ते कळत नव्हतं, नुसते दणके छातीवर येत होते. तावदानं थरथरत होती, सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मांडणीवरचे डबे सरकत होते. आणि आम्ही तीन मजल्यांवरचे शिकलेसवरलेले लोक काय करत होतो, तर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकमेकांना लाल तोंडाची चित्रं पाठवत होतो. खाली जाऊन बोलायला कोणी तयार नव्हतं. तळमजल्यावरचे भोयर तेवढे गेले.

मी गॅलरीतून पाहत होतो. ‘आवाज कमी करा’ असं ते म्हणालेच नाहीत. म्हणाले असते तर मंडळाने मुद्दाम वाढवला असता. त्यांनी कोपऱ्यातल्या भिंतीवरून हात फिरवला आणि ओरडून सांगितलं, “भाऊ, या भितीतून पाणी झिरपते. खोक्याले करंट लागन, मंग मले नका म्हणू. सहा हात पुढे घ्या.” भिंत ठणठणीत कोरडी होती. पण कार्यकर्त्यांनी घाबरून खोकी ओढत मोकळ्यात नेली आणि आमच्या घरातला दणका निम्म्यावर आला. मशीनवाला संध्याकाळभर बटणं पिळत बसला, त्याला वाटलं आपलं मशीनच बसलं. दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला खाली गेलो, तर पार्किंगमध्ये कूलरचा पंप उघडून बसलेले भोयर माझ्यावरच उखडले.

“कोपऱ्यात ठेवला का आवाज फुगते, साहेब. एवढं तं कळाले पाहिजे. तुमी एवढे शिकले, अन् वरतून नुसते पाहून राहिले होते!”

भोयर बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. कान झाकायला काही द्यायची पद्धत तेव्हा नव्हती, किंवा असली तर ती कागदावर होती. कागदावरच्या गोष्टी मी जन्मभर सरकारी कचेरीत पाहिल्या आहेत, त्यामुळे मला त्याचं नवल वाटत नाही, संताप मात्र येतो. त्या लूमनी भोयरांचे वरचे आवाज कायमचे नेले. फोनची घंटी, कुकरची शिट्टी, नातीची बडबड, बायकोची हाक, सगळं गेलं. राहिले ते खालचे, जाड, जमिनीतून येणारे आवाज, आणि ते त्यांना आपल्यापेक्षा जास्तच लागत. दोन गल्ल्या पलीकडच्या बोअरवेलच्या मोटरचं बेअरिंग गेलंय, हे ते खाटेवर पडल्यापडल्या सांगत. त्यांच्या पत्नी रुखमाबाई कपाळाला हात लावायच्या. “म्या उशाशी उभी राहून बोंबलली तं आयकू येत नाई, अन् कोनाची मोटर बिघडली ते बरोबर आयकू येते याइले!”

मुलीने एकदा कानाचं मशीन आणून दिलं होतं. दोन दिवस लावून भोयरांनी ते डब्यात घालून ठेवलं. “मशीननं भांडे वाजतेत, माणूस नाई वाजत,” म्हणाले.

निवृत्तीनंतर ते लोकांचे कूलर दुरुस्त करत. मार्च लागला की अख्ख्या इमारतीचे कूलर त्यांच्या पार्किंगमध्ये उतरत. शर्टाच्या खिशात सुताचा एक पुंजका असे, बोलताना तो काढून बोटांत वळत राहायचे. आणि रागावलेले असायचे. सकाळी कुणावर, दुपारी कुणावर, पण असायचे. विशेषतः जी वस्तू नुसती मिरवते आणि काम करत नाही, तिच्यावर त्यांचा जुना दावा होता. तोंड भरून रंग दिलेला प्लॅस्टिकचा कूलर, गेटवरचा बंद कॅमेरा, नगरसेवकाच्या नावाचा पण बसता न येणारा बाक, यांच्यासमोर उभे राहून ते एकच प्रश्न विचारत. “हे काम करते का नुसतं दिसते?” हा प्रश्न ते माणसांबद्दलही विचारत, त्या माणसाच्या समोर.

माझ्याबद्दल विचारला, तो असा.

निवृत्तीनंतर मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागलो होतो. ही पुस्तकं एका संस्थेकडे जात आणि तिच्या ऑनलाइन वाचनालयातून विदर्भभरातले विद्यार्थी ती ऐकत. कचेरीत असताना प्रत्येक समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याकडे असे, ‘काय भरदार आवाज!’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते असं मी सांगत असे. किटले वगैरे काही नव्हते. घरातली दहा बाय दहाची खोली मी रिकामी केली, मायक्रोफोन आणला, इंटरनेटवर पाहून भिंतीभर अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि त्या खोलीला स्टुडिओ म्हणू लागलो. रेकॉर्डिंग ऐकलं की माझाच आवाज मला इतका घुमारेदार वाटायचा की मी जुने धडे पुन्हापुन्हा लावून ऐकत बसायचो.

एके दिवशी कन्हानहून प्रणालीचा फोन आला. इतिहासात एम.ए. झालेली, जन्मापासून दृष्टी नसलेली मुलगी. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची तयारी करत होती, आणि तिला लागणारी चार जाड पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला माझ्याकडे होती.

“सर, राग नका मानू, पण तुमचं पुस्तक दुप्पट वेगात चालत नाही.”

मला अर्थबोध झाला नाही. मग तिने समजावून सांगितलं. हे विद्यार्थी पुस्तक आपल्यासारखं सावकाश ऐकत नाहीत. आपण डोळ्यांनी भराभर वाचतो, तसं ते दीडपट, दुप्पट वेगाने ऐकतात, नाही तर अभ्यास पुरा होणार कधी? “बाकीच्या वाचकांचं चालते, सर. तुमचा आवाज वेग वाढवला का एकात एक मिसळते. ‘भोसले’ आला का ‘भो’च घुमत राहते अन् पुढचे दोन शब्द गिळून टाकते. आम्ही सगळे तुमचं पुस्तक शेवटी ठेवतो.”

सगळे शेवटी ठेवतात! आठ महिने मी मे महिन्यातसुद्धा पंखा आणि कूलर बंद करून, घामाने निथळत वाचलं होतं. मला त्या मुलीचा राग आला, हे कबूल करतो. जेवताना सुनंदाला तावातावाने सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “भोयरांना विचारा. त्यांना घुमण्यातलं कळतं.”

भोयर वर आले. दारातच थांबून त्यांनी अंड्यांचे ट्रे पाहिले. “इथं कोंबड्या बसवता का?” मग तो ठरलेला प्रश्न विचारला. मी म्हणालो, सगळे लावतात. त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून तोंड मिटून ‘ऊं’ असा सूर धरला, खर्जातला, आणि हळूहळू खाली नेत गेले. एका जागी खोलीच त्यांना साथ द्यायला लागली. तो सूर तसाच धरून ते कोपऱ्याकडे सरकले आणि खोली अंगावर आल्यासारखी घुमली. परत मध्यावर आले, तर सूर विरला. त्यांनी माझा हात ओढून भिंतीच्या कोपऱ्यावर ठेवला. भिंत हलत होती.

“हा घ्या तुमचा भरदार आवाज. तुमचा नाई हा, कोपऱ्याचा हाय.”

इतका अपमान मला कचेरीत कुणी केला नव्हता. पण माझं ऐकून घ्यायला ते थांबले नाहीत. ट्रेचा एक तुकडा तोडून त्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, “हा कागद बारीक आवाज खाते, अन् बारीकच तं तुमाले पाहिजे, शब्द त्यातच असतेत. जाड आवाज याच्यातून असा जाते, जसा काई भेटलाच नाई. जाड आवाजाले जाड माल लागते. हातभर जाड. अन् कोपऱ्यात.”

पुढचे दहा दिवस आमच्या घरात काय चाललं होतं, ते पाहून शेजारच्यांनी सुनंदाला विचारलं की भंगाराचा धंदा काढलाय का. नागपुरात प्लॅस्टिकचे कूलर आल्यापासून जुने लोखंडी सांगाडे गच्च्यांवर गंजत पडलेत. भोयरांनी तसे सहा गोळा केले. आतला पंखा आणि टाकी काढली, तिन्ही बाजूंच्या, जिथे वाळ्याच्या ताट्या बसवतात त्या जाळ्या तेवढ्या ठेवल्या. बुटीबोरीहून ओळखीच्या माणसाकडून लूमखाली पडणाऱ्या सुताच्या गुंत्याची पोती आणली. तिकडे त्याला वेस्ट म्हणतात. तो टाकणखाराच्या पाण्यातून काढून गच्चीवर वाळवला, म्हणजे कीड लागत नाही आणि ठिणगीने भडकत नाही. मग हाताने मोकळा करून सांगाड्यांत भरायचा. मी जोर लावून ठासायला गेलो, तर हातावर चापट बसली. “गादी भरून राहिले का? हवा आत गेली पाहिजे, अन् आत जाऊन थकली पाहिजे.”

सांगाडे मढवायला सुती कापड हवं होतं. सुनंदाने जुन्या साड्यांचं गाठोडं काढून दिलं. भोयर मांडी घालून बसले आणि एकेक साडी तोंडावर धरून फुंकर मारायला लागले. श्वास आरपार गेला तर डावीकडे, अडला तर उजवीकडे. लग्नाच्या वाढदिवसाला मी घेतलेली भारी साडी उजवीकडे पडली. “ही कामाची नाई. नुसती दिसते,” त्यांनी निकाल दिला. सुनंदा महिनाभर ते वाक्य मला ऐकवत होती.

चौथ्या कोपऱ्यात दार होतं. उरलेल्या तीन कोपऱ्यांत, भिंतीपासून वीतभर सोडून, एकावर एक असे दोन-दोन सांगाडे छताला भिडवून उभे राहिले. खोलीत माझ्यापुरती खुर्ची आणि गुडघे मावतील एवढी जागा राहिली. कुणाच्या पोपटी, कुणाच्या विटकरी साड्या गुंडाळलेले ते सहा कूलर, खरं सांगायचं तर भयंकर दिसत होते. मी एक पान वाचलं आणि ऐकलं. घुमारा गेला होता. उरला होता एका निवृत्त कारकुनाचा साधा, जरासा पातळ आवाज. पण शब्दन् शब्द सुटा होता. प्रणालीला पाठवलं. तिचा संध्याकाळी फोन आला. “सर, अडीचपटीत लावलं. तरी कळते!”

जुनी आठ महिन्यांची मेहनत मी फेकून दिली आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. परीक्षा जूनमध्ये होती. एप्रिल संपता संपता तीन पुस्तकं झाली, चौथं निम्म्यावर आलं, आणि संस्थेचा ईमेल आला.

नवा नियम झाला होता. वाचकांनी आपापल्या ध्वनिमुद्रण कक्षाचा फोटो पाठवायचा, तो मंजूर झाला तरच पुस्तकं वाचनालयात चढणार. मी फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘सदर कक्ष गोदामसदृश असून व्यावसायिक ध्वनिशोषक साहित्य आढळून येत नाही. सबब नामंजूर.’ ही भाषा मी बत्तीस वर्षं लिहिली आहे. तिच्यामागे माणूस कसा न पाहता सही करतो, तेही मला ठाऊक आहे. तरी माझं डोकं फिरलं. आवाज ऐकायची संस्था, न पाहू शकणाऱ्यांसाठी काढलेली संस्था, आणि तिला हवा फोटो! तीन पुस्तकं त्यांच्याकडे होती. एक पान ऐकायला दोन मिनिटं लागली असती. कुणीही ऐकलं नव्हतं. मी फोन केला, तर ‘आमचे तांत्रिक समन्वयक येत्या आठवड्यात नागपूरला आहेत, कक्ष सुधारून घ्या, ते पाहून जातील,’ असं सांगण्यात आलं.

मला भांडता आलं असतं. भोयर भावकीतल्या लग्नासाठी उमरेडला गेले होते, ते असते तर भांडलेही असते. मी काय केलं? बाजारातून बोटभर जाडीचा, टोकेरी चौकोनांचा राखाडी फोम आणला, सगळ्या चित्रांत स्टुडिओच्या भिंतीवर असतो तो. चौकीदाराला मदतीला घेऊन सहाही सांगाडे गॅलरीत नेऊन ठेवले आणि फोम गोंदाने भिंतीवर डकवला. खोली झकास दिसायला लागली. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं स्वतःला सांगितलं.

समन्वयक आले. सभ्य, सुगंधी, मोबाइलवर बोटं चालवणारा माणूस. चार बाजूंनी फोटो काढले, “वा, आता कसं प्रोफेशनल!” म्हणाले. मी हेडफोन पुढे केला. त्यांनी हात हलवला. “कशाला? दिसतंयच ना. आणि खरं सांगू का, एवढं मनाला लावून घेऊ नका. शेवटी त्यांना काय, ऐकू आलं म्हणजे झालं.”

मी हसलो. त्या वाक्यावर मी हसलो आणि त्यांना सरबत दिलं. हे लिहिताना आजही माझी कानशिलं तापतात.

सांगाडे त्याच दिवशी आत यायला हवे होते. पण चौथं पुस्तक संपवायची घाई होती, म्हणून म्हटलं दोन धडे असेच वाचून घेऊ. तिसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस गारांसकट आला आणि गॅलरीतले सहाही सांगाडे आतपर्यंत भिजले. सुताला कुबट वास सुटला. मग काय, उरलेले धडेही मी फोमच्या भरवशावर वाचले. संस्थेने पुस्तक ताबडतोब चढवलं. दुसऱ्याच दिवशी प्रणालीचा फोन.

“सर, घर बदललं का?”

“नाही. का गं?”

“अकराव्या धड्यापासून तुम्ही दुसऱ्या खोलीत बसून वाचून राहिले. ती जुनीवाली खोली आहे ना ही?”

डोळे असलेला माणूस चार बाजूंनी फोटो काढून गेला, त्याला जे कळलं नाही, ते हिला पंचवीस किलोमीटरवरून कळलं होतं. मी काहीतरी थातूरमातूर बोलून फोन ठेवला.

भोयर त्या संध्याकाळी परतले. मी सांगायच्या आधी त्यांनी खालूनच गॅलरी पाहिली होती. वर आले. सांगाड्यात हात घालून मूठभर सूत काढलं, हुंगलं, खाली टाकलं. मग खोलीत गेले आणि फोमवरून नख ओढलं.

“हे काम करते का?” या वेळी प्रश्न त्यांनी अर्धाच विचारला.

“नाही.”

“मंग काहून लावलं?”

मी सगळं सांगितलं, समन्वयकाच्या त्या वाक्यासकट. सांगता सांगता चिडलो आणि म्हणालो, “तुम्ही नव्हतं का गणपतीच्या मंडळाला फसवलं? भिंत तेव्हा कोरडी होती!”

“होती ना. म्या आयकणाऱ्याच्या जिवासाठी खोटं बोललो, साहेब. तुमी पाहणाऱ्यासाठी बोलले. तो माणूस म्हणाला आंधळ्याइले काय कळते, अन् तुमी त्याले सरबत पाजलं.” त्यांचा आवाज नेहमी मोठा असे. त्या दिवशी तो पहिल्यांदा लहान झाला, आणि ते मला जास्त लागलं.

पुढचे पाच दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण रोज सकाळी वर येत होते. पंचेचाळीस अंशाच्या उन्हात गच्चीवर सूत पसरून, उलथून, बोटांनी गाठ न् गाठ मोकळी करत होते. मी शेजारी बसून तेच करायचो. काही सांगायचं झालं तर मी समोर असताना सुनंदाला सांगायचे. “वहिनी, त्याइले सांगा, हात हलका ठेवा म्हणा.” सुनंदा मान हलवून ते मला सांगायची, आणि मी हात हलका ठेवायचो. फोम मी स्वतः खरवडून काढला, त्याबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

सांगाडे पुन्हा आत आल्यावर भोयर माझ्याशी बोलले. “आता खरा फोटो पाठवा. अन् काय केलं तेबी लिवा.”

मी हादरलो. परीक्षेला तीन आठवडे होते. खरं लिहिलं तर मंजुरी जाईल, चारही पुस्तकं वाचनालयातून खाली उतरतील. प्रणालीसारखी किती मुलं त्यावर अवलंबून होती. मी म्हणालो, परीक्षा होऊ द्या, मग लिहितो. भोयर म्हणाले, “मले नका सांगू. तिले विचारा.”

त्यांच्यासमोरच मी फोन लावून स्पीकरवर टाकला. प्रणालीचा आवाज बारीक, किनरा. भोयरांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, ते माझ्या तोंडाकडे पाहत बसले होते. ती जे बोलेल ते मी मोठ्याने त्यांना सांगायचं, असं ठरलं. मी बदलून सांगितलं असतं तरी त्यांना समजलं नसतं. तो मोह मला झाला होता, हेही लिहून टाकतो.

मी तिला घडलं ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, “असं म्हणाले ते? ऐकू आलं म्हणजे झालं?”

“हो.”

“सर, मागच्या वर्षी माझा पेपर चार गुणांनी गेला. घरचे म्हणाले, पोरगी कमी पडली. कॉलेजातले म्हणाले, यांना जमत नाही. मीबी तेच म्हणत होते. पुस्तक खराब होतं, असं कोणीच नाही म्हटलं. कोणी ऐकलंच नाही, तर म्हणणार कोण? तुम्ही पुस्तकं पेनड्राइव्हवर द्या, मी सगळ्यांना वाटते. त्यांनी काढली तर काढू द्या. पण लिहा, सर. आम्ही ऐकतो, हे एकदा तरी कळू द्या त्यांना.”

मी एकेक वाक्य भोयरांना ओरडून सांगितलं. चार गुणांचं वाक्य मी घाईने उरकलं, कारण मागच्या वर्षीचं ते पुस्तक माझंच होतं. भोयरांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि उठले. “घ्या फोन. काढा फोटो.”

फोटो काढताना दाराजवळचा वरचा सांगाडा कलायला लागला, त्याखालची फळी अजून ठोकायची राहिली होती. भोयर जाऊन हाताने तो धरून उभे राहिले. मी बाजूला व्हा म्हणालो, तर म्हणाले, “मंग काय डोक्यावर पाडून घेता?” तसाच फोटो काढला. सोबत एकच पान दोनदा वाचलेलं जोडलं, एकदा फोम असतानाचं आणि एकदा आताचं, फोम लावून केलेली फसवणूक कबूल केली आणि लिहिलं की कृपया दोन्ही दुप्पट वेगाने ऐकावं. अकरावा धडा ते शेवट पुन्हा रेकॉर्ड केला. पेनड्राइव्ह कन्हानला गेला.

त्यानंतर नवव्या दिवशी भोयर गेले. दुपारी जेवून लवंडले होते. रुखमाबाई चहासाठी बराच वेळ हाका मारत राहिल्या. त्यांना वाटलं, रोजच्यासारखं ऐकू येत नाहीये.

संस्थेचं उत्तर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. आवाजाच्या फाइली कुणी उघडल्याच नव्हत्या, ते संगणकावर दिसतं. मी केलेल्या फसवणुकीबद्दलही एक अक्षर नव्हतं, म्हणजे पत्रसुद्धा वाचलेलं नव्हतं. एवढंच होतं, ‘सादर केलेल्या छायाचित्रात एक इसम आढळून येतो. इसमविरहित छायाचित्र नव्याने सादर करावे. तोपर्यंत आपली पुस्तके स्थगित ठेवण्यात येत आहेत.’

मी तो फोटो उघडून मोठा केला. वर केलेला उजवा हात, विटकरी साडीवर रुतलेली पाच बोटं, खिशातून बाहेर आलेलं सूत. तोंड उघडं आहे, कारण माझा फोन हलत होता आणि ते मला रागावत होते, लवकर काढा, हात भरून आला. प्रणालीच्या परीक्षेचा निकाल अजून लागलेला नाही. पुस्तकं अजून स्थगित आहेत. मी संस्थेला उत्तर लिहिलं की माझ्याकडे दुसरा फोटो नाही, आणि हाच पुन्हा पाठवला.